एचजीटीचा आकडा आणि फारच स्वच्छ वही

पहाटे सहाच्या सुमारास वॉर्डातले दिवे लागतात आणि नाइट ड्यूटीची सिस्टर ट्रे घेऊन निघते. ट्रेमध्ये ग्लुकोमीटर, स्ट्रिपची डबी, लॅन्सेट, कापूस. एकेक खाट, एकेक बोट. टोचलं, थेंब आला, स्ट्रिपने तो ओढून घेतला आणि काही सेकंदांत आकडा हजर. तो केसपेपरवर चढतो आणि त्यावरून नाश्त्याआधीच्या इन्सुलिनचे युनिट ठरतात. हा आकडा खरा कशावरून, असं मध्ये कोणी विचारत नाही. विचारायला वेळही नसतो.

आपल्याकडच्या दवाखान्यांत या तपासणीला 'एचजीटी' म्हणतात. हिमोग्लुकोटेस्ट नावाची एक स्ट्रिप होती. तिच्यावर रक्त लावायचं, पुसायचं आणि डबीवरच्या रंगांशी रंग जुळवून शुगर वाचायची. मीटर आल्यावर ती पद्धत मागे पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माझं काम लॅबमधलं, पण वॉर्डातल्या मीटरांची देखरेखही माझ्याकडे येते. नातेवाइकांपासून नव्या निवासी डॉक्टरांपर्यंत सगळे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात नेहमीचा प्रश्न भांडणाच्या सुरात येतो. "मशीनवर १९२ आली आणि तुमच्या रिपोर्टमध्ये १७०. खरी कोणती?" आपण लॅबचे, त्यामुळे 'आमची' म्हणायचा मोह होतो. पण तो दर वेळी खरा ठरत नाही. रक्त ट्यूबमध्ये काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि शुगर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर अशी फस्त होते. ट्यूब दीड तास नर्सिंग स्टेशनवर वॉर्डबॉयची वाट बघत पडली असेल, तर ते १७० मुळात १८५ च्या आसपास असू शकतं. शुगरसाठी राखाडी बुचाची फ्लोराइडची ट्यूब वापरतात ती याचसाठी. मात्र फ्लोराइडलाही पेशींचं खाणं पुरतं बंद करायला तास-दोन तास लागतात, हे लॅबवाल्यांतही सगळ्यांना ठाऊक नसतं. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातली शुगर हाताच्या शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते, कारण शिरेपर्यंत पोचण्याआधी स्नायूंनी आपला वाटा उचललेला असतो. म्हणजे जेवल्यावर दोन्हींची तुलना करणं मुळातच अन्यायाचं. तुलना करायची तर उपाशीपोटी, दोन्ही नमुने पाठोपाठ घेऊन, आणि ट्यूब लगेच लॅबमध्ये पळवून.

एवढं सगळं जपूनही १७० ला १९२ आली, तर फरक होतो जवळपास १३ टक्क्यांचा. हा चालतो का? मीटर कुठे वापरताय, त्यावर ते अवलंबून आहे. मीटरांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५१९७, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत म्हणतं की १०० मिलिग्रॅम किंवा त्यावरच्या शुगरला शंभरातले ९५ आकडे लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवेत, आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत. हे मानक घरच्या वापराचं. रुग्णालयातल्या मीटरांसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, २०१६ मध्ये वेगळी आणि कडक मार्गदर्शक तत्त्वं काढली: ७५ आणि त्यावर १२ टक्के, त्याखाली १२ मिलिग्रॅम. घरच्या मोजपट्टीवर तो १३ टक्क्यांचा फरक पास, रुग्णालयाच्या मोजपट्टीवर नापास.

वरच्या आकड्यांपेक्षा खालच्या आकड्यांत ही गंमत महाग पडते. खरी शुगर ६० असताना घरचं मीटर ४५ पासून ७५ पर्यंत काहीही दाखवलं तरी मानकात बसतं. शुगर कमी झाली असं आपण ७० च्या खाली म्हणतो. म्हणजे पेशंटची शुगर घसरलेली, मीटर दाखवतं ७५ आणि सिस्टर निश्चिंत मनाने पुढच्या खाटेकडे जाते. मीटर नियमाप्रमाणे चाललेलं असतं. नियमाला इथे तेवढी जागा आहे, एवढंच.

मग मेडिकलच्या दुकानात मिळणारं मीटर वाईट का? नाही. ते चालत्या-बोलत्या माणसासाठी केलेलं असतं, आणि वॉर्डातला माणूस तसा नसतो.

याचं कारण स्ट्रिपच्या पोटात आहे. स्ट्रिपच्या टोकाला एक एन्झाइम असतं. ते रक्तातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, ते पुढे सरकतात आणि अगदी क्षीण असा वीजप्रवाह तयार होतो. मीटर तेवढाच मोजतं. म्हणजे मीटर शुगर मोजतच नाही. वीज मोजतं आणि तिच्यावरून शुगरचा अंदाज बांधतं. (१९७० मधलं पहिलं मीटर, अँटन क्लेमेन्स यांनी बनवलेलं, वीज नव्हे तर स्ट्रिपच्या रंगावरून परतणारा प्रकाश मोजायचं आणि किलोभराहून जड होतं. आता ते मुठीत मावतं, पण अंदाज तो अंदाजच.) त्या विजेत शुगरशिवाय दुसऱ्या कशानेही ढवळाढवळ केली, की अंदाज चुकतो.

ढवळाढवळ करणाऱ्यांत आपल्या देशात पहिला नंबर रक्ताच्या पातळपणाचा. शुगर असते ती मुख्यतः रक्ताच्या द्रवभागात, प्लाझ्मात. थेंबात लाल पेशींची गर्दी असेल तर त्या स्ट्रिपच्या थरात वाट अडवतात आणि आकडा कमी येतो. लाल पेशी कमी असतील तर प्लाझ्मा मोकळेपणाने आत शिरतो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. लाल पेशींच्या या प्रमाणाला हिमॅटोक्रिट म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आता बाळंतपणात बरंच रक्त गेलेली, हिमोग्लोबिन ६ वर आलेली, आणि गरोदरपणात लागलेला मधुमेह अजून न उतरलेली बाई डोळ्यांपुढे आणा. तिची शुगर मीटर जास्त दाखवणार. जास्त दिसली म्हणून इन्सुलिन जास्त दिलं जाणार. त्या इन्सुलिनने शुगर खरोखर खाली आली, की ती घसरणही तेच मीटर झाकणार. ही चूक मला सगळ्यात भीतिदायक वाटते, कारण ती स्वतःचाच पुरावा पुसत जाते.

चांगली नवी मीटरं हिमॅटोक्रिटही मोजतात आणि आकडा दुरुस्त करून दाखवतात. जुनी किंवा स्वस्त मीटरं तसं करत नाहीत. स्ट्रिपच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो बारीक अक्षरांचा कागद सगळे कचऱ्यात टाकतात, त्यावर ते मीटर किती हिमॅटोक्रिटपर्यंत चालतं हे छापलेलं असतं. काही १० ते ६५ टक्के लिहितात, काही ३० ते ५५. वर सांगितलेल्या बाईचं हिमॅटोक्रिट १८ च्या आसपास असेल. दुसऱ्या जातीचं मीटर तिच्यासाठी नाहीच, ही गोष्ट खरेदी करताना बघायची असते. पण टेंडरमध्ये बघतात ती स्ट्रिपची किंमत.

नवजात बाळांचं याच्या उलट. त्यांचं रक्त दाट, म्हणून आकडा कमी येण्याकडे कल. म्हणून बाळाची शुगर मीटरवर कमी आली तर उपचार लगेच सुरू करायचे आणि खात्रीसाठी नमुना लॅबला पाठवायचा. यातलं एकही दुसऱ्यासाठी थांबवायचं नाही.

इतर भानगडी थोडक्यात. पेशंट शॉकमध्ये असेल, बोटं गार पडली असतील, तर बोटापर्यंत रक्तच नीट पोचत नाही. तिथला थेंब शरीराची खबर देत नाही, तेव्हा शिरेतलं किंवा धमनीतलं रक्त घ्यावं. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असलेल्या स्ट्रिपवर रक्तातल्या ऑक्सिजनचा परिणाम होतो. पेशंटला भरपूर ऑक्सिजन चालू असेल तर आकडा खाली झुकतो. शिरेतून मोठ्या मात्रेत 'क' जीवनसत्त्व चाललं असेल तर अनेक मीटरं फुगवून आकडा देतात. आणि पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन नावाचं द्रावण वापरलं, तर त्यातून रक्तात माल्टोज ही वेगळी साखर तयार होते आणि काही स्ट्रिपमधलं पीक्यूक्यू जातीचं एन्झाइम तिलाच ग्लुकोज समजून बसतं. ही नुसती पुस्तकी शंका नाही. अशा चुकीच्या आकड्यांशी जोडलेल्या १३ मृत्यूंची नोंद देऊन एफडीएने २००९ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

आता बोट. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी लोकांना संत्री, द्राक्षं, किवी सोलायला लावली आणि हात न धुता शुगर तपासली. निरोगी माणसांचे आकडे भलतेच चढलेले निघाले. स्पिरिटच्या कापसाने पुसूनही फरक राहिला. पाण्याने हात धुतले तेव्हा आकडा जागेवर आला. आपल्या वॉर्डात भेटीच्या वेळी काय चालतं ते आठवा. नागपूरकडचे पाहुणे संत्री आणतात, कोणी देवळातला प्रसाद हातावर ठेवतं, शिऱ्याचा डबा उघडतो. स्पिरिट जंतू मारतं, साखर धूत नाही. साबण-पाणी किंवा निदान पाण्याने भिजवलेला गॉज, मग बोट कोरडं करणं, मग टोचणं. पहिला थेंब पुसून दुसरा घेणं अधिक चांगलं. बोट दाबून-दाबून थेंब काढला तर पेशींभोवतालचं पाणी मिसळतं. ज्या हाताला डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजचीच, सलाइन चालू आहे त्या हाताचं बोट तर नकोच. एकदा आयसीयूत एका पेशंटची शुगर अर्ध्या तासात ५८ वरून ४१० झाली म्हणून मला फोन आला. २५ टक्के डेक्स्ट्रोजचं अँप्युल फोडून दिलं होतं, पण त्याने एवढी उडी बसत नव्हती. सिस्टरच्या ग्लोव्हजवर ते सांडलं होतं आणि त्याच चिकट ग्लोव्हजने तिने बोट धरलं होतं. हात धुऊन, ग्लोव्हज बदलून केलं तर १३६.

हे सगळं रोज, प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक पाळीत नीट चाललंय ना, हे बघणं म्हणजे गुणवत्तेची देखरेख. लॅबमध्ये एक मोठं मशीन आणि ते चालवणारी चार-पाच माणसं. वॉर्डात वीस-पंचवीस मीटरं आणि दीडशे हात. लॅबच्या सवयी तशाच्या तशा वॉर्डात नेल्या तर टिकत नाहीत, हे मला ठेचा खाऊन कळलं.

या देखरेखीचा कणा म्हणजे कंट्रोल. ज्यात ग्लुकोज किती आहे हे आधीच माहीत आहे असं द्रावण छोट्या बाटलीत मिळतं, एक कमी पातळीचं आणि एक जास्त. बाटली हलवायची, पहिला थेंब कापसावर टाकायचा, दुसरा स्वच्छ पृष्ठभागावर घेऊन त्याला स्ट्रिप लावायची. बाटलीचं तोंड स्ट्रिपला टेकवायचं नाही. आकडा वहीत. दिवसातून निदान एकदा, शिवाय स्ट्रिपची नवी डबी उघडली की, मीटर खाली पडलं की, आणि आकडा पेशंटशी जुळत नसेल तेव्हा. डबी आणि बाटली उघडल्याची तारीख त्यांच्यावरच लिहायची, कारण बहुतेक कंपन्यांच्या स्ट्रिप आणि द्रावण उघडल्यापासून तीनेक महिनेच चालतं. डबीचं झाकण लगेच लावायचं. कोकणातल्या जुलैमध्ये उघड्या राहिलेल्या डबीचं काय होतं ते पापडाच्या डब्यावरून ओळखावं. आणि दोन अर्धवट डब्या एकीत ओतायच्या नाहीत, कारण मग कोणती स्ट्रिप कोणत्या लॉटची, म्हणजे कोणत्या खेपेची, हे देवालाही सांगता येणार नाही. हे शेवटचं पाप मी इतक्यांदा पाहिलंय की आता डबी हातात घेतली की आधी स्ट्रिप मोजते. पन्नासच्या डबीत सत्तावन्न निघतात.

कंट्रोलचा आकडा बघायचा कसा? बाटलीवर कंपनीने मर्यादा छापलेली असते, समजा ९० ते १३०. मधे कुठेही आला की बहुतेक जण 'ओके' लिहून मोकळे होतात. ही मर्यादा ढगळ असते, सगळ्यांच्या मापाचा सदरा शिवावा तशी. म्हणून नव्या लॉटचं द्रावण आलं की आपल्याच मीटरवर वीसेक वेळा चालवून आपली सरासरी आणि आपला चढउतार काढायचा. समजा सरासरी ११० आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे या चढउताराचं माप, ४. दोन विचलनांचा पट्टा झाला १०२ ते ११८, तीनचा ९८ ते १२२. मधे ११० ची आडवी रेघ, वर-खाली पट्ट्यांच्या रेघा, आणि रोज एक ठिपका. कारखान्यातल्या मालासाठी शूहार्ट यांनी १९२४ मध्ये काढलेली ही युक्ती लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये लॅबमध्ये आणली. पुढे वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये ठिपके वाचायचे नियम एकत्र बांधले: एक ठिपका तीन विचलनांबाहेर गेला तर थांबा, लागोपाठ दोन एकाच बाजूला दोन विचलनांबाहेर गेले तरी थांबा, वगैरे.

या तक्त्याचा खरा उपयोग चोरपावलांनी येणारी चूक पकडायला. एका वॉर्डाचे ठिपके असे होते: १११, १०८, ११२, ११४, ११५, ११६, ११७. प्रत्येक आकडा एकेकटा बघितला तर पास, कंपनीच्या मर्यादेत तर अगदी आरामात. पण सात दिवस एकाखाली एक ठेवले की जिना दिसतो. आठव्या दिवशी १२१.

एक मर्यादा मात्र कबूल करायला हवी. कंट्रोलचं द्रावण म्हणजे रक्त नव्हे. त्यात लाल पेशी नाहीत, संत्र्याचा रस नाही, गार पडलेलं बोट नाही. कंट्रोल पास झाला म्हणजे मीटर-स्ट्रिपची जोडी धड आहे एवढंच कळतं. समोरच्या पेशंटचा आकडा बरोबर आहे हे कळत नाही. त्यासाठी अधूनमधून लॅबशी तुलना, वर सांगितली तशी. बाहेरून अनोळखी नमुने येतात आणि त्यांची उत्तरं कळवायची असतात, अशाही योजना आहेत. लॅबसाठी वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी) त्या वर्षानुवर्षं चालवतंय. मीटरांच्या बाबतीत मात्र ते नमुने ताज्या रक्तासारखे वागत नाहीत, म्हणून एका जातीच्या मीटरची तुलना त्याच जातीच्या मीटरांशीच करावी लागते. माझं मत विचाराल तर वॉर्डासाठी स्वतःच्या लॅबशी केलेली तुलनाच जास्त बोलकी.

आता वहीबद्दल. सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात मी वॉर्डावॉर्डातून कंट्रोलच्या वह्या गोळा केल्या. एक वही पाहून मी खूश झाले होते. सुंदर अक्षर, एकही दिवस सुटलेला नाही, एकही खाडाखोड नाही. महिनाभर १०४, १०५, १०४, १०४, १०५. मग लक्षात आलं की सगळी एकाच पेनाची शाई आहे. आणि त्या महिन्यात ते मीटर चार दिवस दुरुस्तीला माझ्याकडेच होतं. त्या चार दिवसांचेही आकडे वहीत होते.

रागावण्याआधी थोडा हिशोब केला. दोन विचलनांच्या पट्ट्याबाहेर निव्वळ योगायोगाने साधारण विसात एक ठिपका जाणारच. महिन्याचे तीस दिवस, रोज दोन पातळ्या, म्हणजे साठ आकडे. त्यांतले तीनेक बाहेर पडायलाच हवेत. एकही बाहेर नाही, तर वही खोटी किंवा पट्टा ढगळ. नंतर त्या सिस्टरशी बोलले. रात्री चाळीस पेशंटना दोघी. कंट्रोल नापास झाला तर काय करायचं हे कोणी सांगितलेलंच नव्हतं, फक्त "वही अपूर्ण का?" म्हणून ओरडा मिळायचा. मग वही पूर्ण व्हायची. मी तिच्या जागी असते तर वेगळं केलं असतं असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

मोठ्या रुग्णालयांतली नवी मीटरं हे रोखू पाहतात. कंट्रोल केल्याशिवाय मीटर उघडतच नाही, पेशंटच्या मनगटावरचा बारकोड वाचावा लागतो, सिस्टरचाही बारकोड लागतो, आकडे थेट लॅबच्या संगणकात जातात. उत्तम सोय. पण एकाच सिस्टरचा बारकोड ट्रॉलीला चिकटवून सगळा वॉर्ड तोच वापरतो, हेही जगभर होतं. कागदावर ती बिचारी चोवीस तास ड्यूटीवर.

आम्ही केलं ते साधंच. वहीत 'नापास झाल्यास काय केलं' असा रुंद रकाना आखला, त्याखाली पायऱ्या छापल्या, रात्रीही उचलला जाईल असा लॅबचा एक नंबर दिला, आणि बाहेर गेलेल्या ठिपक्यावरून कोणाला बोलायचं नाही असं मेट्रनकडून वदवून घेतलं. वह्या घाण दिसायला लागल्या. त्या जिन्याच्या आठव्या दिवसाची नोंद मी फोटो काढून ठेवली आहे: "१२१. पुन्हा केलं, १२०. दुसऱ्या डबीची स्ट्रिप, १२१. बाटलीचं झाकण सैल होतं, पाणी उडालं असावं. नवी बाटली उघडली, तारीख टाकली. १०९. लॅबला कळवलं, ६.२०. मग खाट एकपासून एचजीटी सुरू."